कोड निर्दोष आहे, बॅटरीला पकडा!

घरी बनवलेली आरसी कार, थ्रॉटल दिला की आर्डुइनो रीसेट. आणि आमची मंडळी लगेच कोडमध्ये डिले टाकत बसतात! अरे, कोडचा काय संबंध? चोर आहे ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कारच्या किटमध्ये ती घालणाऱ्यांना खरं तर दंडच करायला हवा. मोटर बंद असताना मल्टीमीटरवर ऐटीत ९ दाखवते. पण तिचा अंतर्गत रोध ओम-दोन ओम. सुरू होताना मोटरींनी दोनेक अँपिअर मागितले की तीन-चार व्होल्ट तिथेच गायब! बोर्डवरच्या रेग्युलेटरला हवेत ७, मिळतात ५. तो बिचारा काय करणार? मोजायचं तर चाकं फिरताना मोजा. मोटरींना १८६५०चे दोन सेल, बोर्डला वेगळा पुरवठा, ग्राउंड मात्र एकच. आणि तो डिले काढा आधी...