किडीच्या फोटोसाठी भिंग: १०० एक्सच्या नादाला लागू नका



ग्रुपवर रोज मिरचीच्या पानाचे फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न, "काय मारू?" पान आकसलेलं दिसतं, कीड कुठंच दिसत नाही. पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी हा अंदाज चांगला आहे, पण दोन्ही एकदम असले की पान कसंही मुरडतं. अन् इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाही. पंप मारायची मजुरी गेली, औषध गेलं, आठवडा गेला तो वेगळाच.

म्हणून मोबाईलला लावायचं क्लिपचं भिंग घ्याच. दुकानदार आधी १०० एक्स दाखवेल. माझं मत, शेतात १० एक्सच. एक्स वाढला की भिंग किडीच्या जवळ न्यावं लागतं. १० एक्सला साधारण अडीच सेंटिमीटर, २० एक्सला सव्वा. एवढ्या जवळ मोबाईलचीच सावली पानावर पडते, फोकस केसभर जागेत राहतो, जरा वारं आलं की सगळं धूसर. फुलकिडा एक-दीड मिलिमीटरचा, तो १० एक्समध्ये पायासकट येतो. मिरचीवरचा पिवळा कोळी मात्र पाव मिलिमीटरपेक्षा लहान, नुसता ठिपका दिसेल. त्याच्यासाठी पान पिशवीत घालून घरी आणा, टेबलावर २० एक्स लावा.

(मक्यावरच्या लष्करी अळीला भिंग लागतच नाही. डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडचे चौकोनातले चार ठिपके साध्या कॅमेऱ्यात येतात.)

स्वस्त मोबाईलमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मी तरी धरत नाही. क्लिप मेन कॅमेऱ्यावर बसवा. मोबाईल आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारत असेल तर सेटिंगमधून ते बंद करा. आधी काच पुसा. बोटाला औषध-माती लागलेलीच असते.

कृषी पदवीवाल्या मित्रांपैकी कुणी मोठ्या कॅमेऱ्याला ६० मिमी मॅक्रो घ्यायची की १०० मिमी या विचारात असेल, तर १००. दोन्हीत कीड १:१ येते, पण १०० लांबून काढते, कीड उडून जात नाही.

फोटो तीन पाठवा: अख्खं झाड, पानाची खालची बाजू, मग भिंगातला. आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि भिंगाचे पैसे वाया.