आरोग्यचर्चा : आंतड्याच्या भिंतीचें मोजमाप

घरांतील तरुण मुलगा पोट दुखतें म्हणून पानावरून उठूं लागला, महिनोन्‌महिने ढाळ होऊन वाळूं लागला, म्हणजे वडील मंडळींच्या तोंडीं "संग्रहणी" हा एकच शब्द येतो. सून असली तर अन्नाचे नखरे म्हणून बोलहि लागतो. शब्द जुना व भारदस्त खरा. परंतु त्या एका पोतडींत इतके निरनिराळे विकार कोंबले गेले आहेत कीं, नांव घेतल्यानें निदान झालें असें समजणें धोक्याचें आहे.

त्यांपैकीं एका विकाराचें वर्णन न्यूयॉर्क येथील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघां डॉक्टरांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलें. हजेरीपटाप्रमाणें वर्णानुक्रमानें पहिलें आलेलें क्रोन हेंच नांव रोगास चिकटलें! या रोगाची खोड अशी कीं, दाह आंतड्याच्या अस्तरापाशीं न थांबतां भिंतीच्या आरपार जातो. गुदमार्गानें घातलेली दुर्बीण अस्तरावरील व्रण उत्तम दाखविते. पण गिलावा पाहून ओल किती आंत मुरली हें कसें कळावें? शिवाय लहान आंतड्याचा बहुतेक भाग तिच्या आवांक्याबाहेर.

पूर्वी बेरियम पाजून क्ष-किरणांनीं चित्र घेत. अरुंद झालेला भाग त्यांत दोऱ्यासारखा दिसे. तथापि ती पोकळीचीच छाया. आतां सोनोग्राफी व एम्. आर्. आय्. यांनीं भिंतच पाहतां येते. सोनोग्राफींत निरोगी भिंत साधारणतः ३ मिलिमीटरच्या आंत भरते. ती जाड झालेली व तींत रक्तप्रवाह वाढलेला दिसला, तर दाह जागा आहे असें समजतात. एम्. आर्. आय्. वरून जाडी, सूज व व्रण यांचा हिशेब करून गुण देण्याची 'मारिया' नांवाची एक पद्धति आहे. तींत ७ पासून दाह चालू, ११ पासून तीव्र. येथें अधिक गुण मिळविणारा नापास!

खरा पेंच पुढेंच आहे. मार्ग अरुंद झाला तो सुजेनें कीं जुन्या वणानें? सूज औषधानें उतरते. वण उतरत नाहीं, तेथें फुग्यानें मार्ग रुंदावणें किंवा शस्त्रक्रिया करणें भाग पडतें. चित्रावरून अंदाज बांधतां येतो. पण पुष्कळदां दोन्हीं एकाच जागीं नांदतात आणि निवाडा अवघड होतो.

आपल्या देशांत आणखी एक शंका घ्यावी लागते. क्षयहि लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्यावरच ठाण मांडतो. शेजारच्या ग्रंथी मध्यभागीं कुजलेल्या दिसल्या तर क्षयाचा संशय बळावतो. तरी आंतड्याचा तुकडा काढून तपासणें टाळूं नये. क्रोनच्या रोगावरील कित्येक औषधें शरीराची प्रतिकारशक्ति दाबणारीं असतात. क्षयाच्या रोग्यास तीं दिलीं तर क्षय पसरतो.

आणि रोग्यास बरें वाटूं लागलें तरी भिंतींतील दाह विझलेला असतोच असें नाहीं. म्हणून डॉक्टर पुनः तपासणी सांगतात, तेव्हां 'आतां कशाला खर्च' असें म्हणूं नये. सी. टी. मध्यें क्ष-किरण असल्यानें तरुण रोग्याची ती वरचेवर करीत नाहींत. सोनोग्राफीस ती अडचण नाहीं. मागील चित्रें व अहवाल मात्र तारीखवार जपून ठेवावे. जुनें चित्र शेजारीं असलें कीं भिंत उतरली कीं वाढली हें ताडून पाहतां येतें.