सोफ्यावरची शांतता

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मराठी रविवार पुरव्यांमध्ये एक लेख येतो. लेखक बदलतो, लेख तोच. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी गेलेले काका-काकू तिथला एखादा संगीत महोत्सव ऐकून येतात आणि आल्या आल्या आपल्याला फैलावर घेतात. काय ती शिस्त! टाचणी पडली तरी ऐकू येईल! आणि आमच्याकडे? मैफल रंगात आली की ह्यांना बटाटेवडा आठवतो.

मीही 2024 च्या ऑगस्टमध्ये लेकीकडे लंडनला होतो आणि रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्सच्या चार मैफली ऐकल्या. तेव्हा तो लेख लिहिण्याचा हक्क मलाही पोचतो. पण मला भांडायचं आहे ते ह्या काका-काकूंशीच.

आधी शांततेचं बघू. प्रॉम्स सुरू झाले 10 ऑगस्ट 1895 ला, लंडनच्याच क्वीन्स हॉलमध्ये. रॉबर्ट न्यूमन व्यवस्थापक, हेन्री वुड संचालक. पैसे घातले एका घशाच्या डॉक्टरने, जॉर्ज कॅथकार्टने, आणि अट घातली की वाद्यवृंदाचा स्वर उतरवा, गायकांचे गळे फाटतात. (काळी चार की पाच ह्यावर हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या मंडळींना हा डॉक्टर आवडावा.) त्या मैफलींत लोक खात, पीत, चक्क धूम्रपान करत. गाणं चालू असताना काड्या ओढू नका, एवढीच काय ती विनंती. न्यूमनला रुबाबदार श्रोते नकोच होते. ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांना हळूहळू त्याची गोडी लावायची होती. उभ्याचं तिकीट एक शिलिंग.

आणि आजही तिथे देवघरातली शांतता नसते. पियानोचं झाकण उचलताना खाली उभे असलेले लोक ‘हीव्ह’ म्हणून ओरडतात, वरच्या गॅलरीतून ‘हो’ असं उत्तर येतं. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या पडतात, नाहीतर निदान पाचशे लोक एकदम खोकून घेतात. मध्यंतरानंतर उभ्यांची टोळी एका सुरात आरोळी देऊन किती देणगी जमली ते जाहीर करते. वाजत असताना लोक कान देऊन ऐकतात हे खरंच. पण तसे ते कोलकात्यात डोव्हर लेनला पहाटे तीन वाजता शाली गुंडाळूनही ऐकतात आणि पुण्यात सवाई गंधर्वच्या भारतीय बैठकीतही. चेन्नईच्या मार्गळी मोसमात सभेच्या कँटीनची चर्चा रागाइतकीच रंगते. म्हणून कुणी तोडीतला गंधार ऐकायचा सोडलेला नाही.

मग प्रॉम्समध्ये पाहण्यासारखं काय होतं? जागा. ह्या काका-काकूंच्या लेखात तिचं नाव नसतं. अल्बर्ट हॉलच्या मधोमध, वाद्यवृंदाच्या अगदी पुढ्यात, खुर्च्याच नाहीत. तिथे आणि वरच्या गॅलरीत मिळून हजारावर माणसं उभी राहतात. 2024 मध्ये तिकीट 8 पौंड होतं, तेव्हाच्या साडेआठशे रुपयांच्या आसपास. ते त्याच दिवशी सकाळी विक्रीला येतं. व्हायोलिनवाल्याच्या गजाला लागलेला राळेचा भुगा दिसेल इतक्या जवळ मी होतो. माझ्या शेजारी पाठीवर दप्तर घेतलेली दोन शाळकरी मुलं होती. महागडे बॉक्स घेतलेली मंडळी आमच्या मागे आणि वर, लांब.

हे आपोआप घडलेलं नाही. मे 1941 मध्ये जर्मन बॉम्बने क्वीन्स हॉल जळाला, प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले. ह्या अवाढव्य गोल वास्तूत प्रतिध्वनी इतका, की ब्रिटिश संगीतकाराची रचना दोनदा ऐकू येण्याचं हे एकच ठिकाण, असा जुना विनोद आहे. 1969 मध्ये छताला मोठमोठ्या तबकड्या टांगून तो आटोक्यात आणावा लागला. इमारत बदलली, पण उभ्यांची जागा हलली नाही. 1927 पासून खर्च बीबीसीने उचलला, आणि आज प्रत्येक मैफल रेडिओवर थेट ऐकू येते. म्हणजे हा लोकांच्या पैशाने चाललेला महोत्सव आहे. आपल्याकडे असं काही नव्हतंच असं मात्र कुणी म्हणू नये. आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 चा. जालंधरचं हरिवल्लभ संमेलन 1875 चं, प्रॉम्सपेक्षा वीस वर्षांनी जुनं, आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर तिथे गाऊन गेले.

आता आमच्याकडची गोष्ट. मी महाराष्ट्राबाहेर राहतो. शहराचं आणि महोत्सवाचं नाव सांगत नाही. पुढच्या तीन रांगा पांढरी आवरणं घातलेल्या सोफ्यांच्या. त्या प्रायोजकांच्या, अधिकाऱ्यांच्या, त्यांच्या मेहुण्यांच्या. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि चार भाषणं झाली की मुख्य पाहुणे उठतात, त्यांच्याबरोबर दोन रांगा उठतात. गेल्या वर्षी माझ्या पत्नीकडे गाणं शिकणारी एक मुलगी, वय सतरा, मालकंस सुरू झाल्यावर त्या रिकाम्या सोफ्यांपैकी एकावर जाऊन बसली. तिला गायकाचा श्वास बघायचा होता, तो कुठे घेतात ते. स्वयंसेवकाने तिला उठवलं. उरलेला मालकंस तिने मागे खांबाला टेकून ऐकला. सोफे शेवटपर्यंत रिकामे होते.

ह्यावर आमच्या परतलेल्या काकांनी लेख लिहिला नाही. लिहिणार कसा? ते दुसऱ्या रांगेत बसले होते.

आयोजकांना मी भेटलो. माणूस भला आहे, स्वतः तबला शिकलेला. तो म्हणाला, “अहो सर, सोफ्यांवरच महोत्सव उभा आहे. प्रायोजक गेले तर तुमचं दोनशेचं तिकीट हजाराचं होईल.” बरोबर आहे. म्हणून सोफे जाळा असं मी म्हटलं नाही. ते डाव्या-उजव्या बाजूला न्या, मधोमध सतरंज्या टाका, त्या जागेची तिकिटं त्याच दिवशी सकाळी स्वस्तात विका. तेही जमत नसेल तर गाणं सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी रिकामा राहिलेला सोफा जो येईल त्याचा, एवढं तरी जाहीर करा. ह्याला पैसा लागत नाही. पाहुण्यांना राग येईल एवढंच.

“बघू,” ते म्हणाले.

महोत्सव डिसेंबरात आहे. निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या आहेत.