दिवेलागणीचा अर्धा तास

वाचकहो, मी माणूसघाणा नाही. पण माणसांत राहून थकतो. सकाळी ठाण्याहून लोकलने मुंबई गाठायची, दिवसभर कचेरीत बोलायचे आणि पुन्हा त्याच गर्दीतून परतायचे. घरी येईपर्यंत माझ्याजवळचे शब्दच संपलेले असतात. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली ज्या स्वभावाचे सविस्तर वर्णन केले, त्याला मराठीत 'अंतर्मुख' म्हणतात. आमच्या घरी 'घुम्या' म्हणत.

माझा नेम साधा. हातपाय धुवायचे, देवापाशी दिवा लावायचा, मोबाइल कपाटात ठेवायचा आणि चहाचा कप घेऊन गॅलरीत अंधारात बसायचे. समोर काळवंडत जाणारे आभाळ, परतणारे कावळे. वाचायचे नाही, ऐकायचे नाही. अर्ध्या तासाने मी पुन्हा माणसांत येतो.

एका संध्याकाळी सौभाग्यवती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, माझं काही चुकलं का?"

लग्नाला बावीस वर्षे झाली होती! इतकी वर्षे ती माझ्या गप्प बसण्यात स्वतःची चूक शोधत होती. मी ओशाळून सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग माझा अर्धा तास कुठला?"

आता आधी ती बसते. तेवढ्यात मी कुकर लावतो, दारावरची घंटा सांभाळतो. शिट्ट्या किती, हे तिला विचारायचे नाही, असा करार आहे.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरेल. तुम्हीही अर्धा तास जरूर काढा. मात्र बसण्यापूर्वी 'रुसलो नाही' एवढे सांगायला विसरू नका.