धाव वाढवली, धाव घटली

तर भाच्यानं शेवटी गाडीला अठरा इंची अलॉय चाकं बसवलीच.

‘हवा स्वतः मोजा’ हा माझा लेख वाचून ज्यानं “मामा, आता असं कोणी करत नाही” असा फोन केला होता, तोच हा भाचा. नियमित वाचकांना तो ठाऊक आहे. गेल्या रविवारी त्यानं इलेक्ट्रिक गाडी आमच्या फाटकासमोर मुद्दाम आडवी लावली, म्हणजे चारपैकी दोन चाकं तरी मला नीट दिसावीत. दिसत होती छानच. काळ्या रिमला चंदेरी कड आणि भोवती रबर इतकं अरुंद, की काजळाची रेघ ओढल्यासारखं. मी गप्प, तर म्हणतो, “काहून मामा, चांगली नाई दिसत काय?” म्हटलं, दिसते. आठवडाभर घाट चढून-उतरून ये, मग बोलू.

शुक्रवारी आला बोलायला. बोथा घाटातून बुलढाणा-खामगाव जाऊन-येऊन, ही त्याची रोजची फेरी. कंपनीच्या सोळाच्या चाकांवर गाडी युनिटमागे सात किलोमीटर देत होती, ती सव्वासहावर आली. पुढच्या डाव्या रिमची कड एका खड्ड्यात मुडपली. आणि माझ्या बहिणीनं मागच्या सीटवर बसणं सोडलं. “यापेक्षा एसटी बरी” हे तिचे शब्द. एसटीबद्दल इतकं चांगलं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. एका गाडीचा, सहा दिवसांचा हिशेब आहे, मान्य. कुणी त्याला शास्त्र म्हणणार नाही. मला तो पुरतो, कारण हाच प्रयोग आमच्या घरी पूर्वी एकदा झाला आहे, फक्त उलट्या दिशेनं.

आजोबांची बंडी, म्हणजे बैलगाडी, लाकडी चाकांची होती. त्या चाकाला धाव चढवताना मी पाहिलंय. लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचं. गोवऱ्यांच्या आरात ते लाल होईपर्यंत तापवायचं, म्हणजे ते फुगतं. मग दोघातिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं, घणानं ठोकायचं आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफ, करपलेल्या लाकडाचा वास. कडं आवळत जायचं आणि आरे करकरत आपापल्या खाचेत घट्ट बसायचे. काम असं पक्कं, की चाक वर्षानुवर्षं हलत नसे. हलायचे ते आत बसलेल्यांचे मणके.

मग टायरबंडी आली. काही भागांत तिला सरळ ‘डनलॉप’च म्हणतात. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८च्या सुमारास बेलफास्टमध्ये पोराच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला, पोराला हादरे कमी बसावेत म्हणून. आणि त्यांचं नाव लागलं ते आपल्या बैलगाडीला. आजोबांच्या नव्या बंडीचं चाक जुन्यापेक्षा चांगलंच बुटकं होतं. गावानं हसून घेतलं. पण त्याच जोडीनं त्याच वाटेवर कापूस जास्त ओढला आणि चढावर बैलांनी मान टाकली नाही, तेव्हा हसू थांबलं.

कारण साधं आहे. लोखंड गुळगुळीत रुळावर हलकंच धावतं, आगगाडी त्यावरच चालते. पण शिवारातली वाट रूळ नसते. लोखंडी धावेखाली दगड आला की अख्खी बंडी, मालासकट, त्या दगडावर उचलावी लागते आणि पलीकडे आपटावी लागते. ती उचलायची मेहनत बैलाची. हवेच्या चाकाखाली तोच दगड आला की रबर तेवढ्यापुरतं आत दबतं, दगड गिळतं आणि पुढं जातं. बंडी उचलली जात नाही, बैलाची ताकद वाया जात नाही, बसणाऱ्याचं कंबरडं मोडत नाही. आराम आणि बचत, दोन्ही एकाच हवेतून. आयआयएम बंगळूरचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी कित्येक वर्षं खर्ची घातली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला बैलाच्या खांद्यावरचा भार मोजावासा वाटला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता भाच्याचं चाक पाहा. सोळाचा जुना टायर २१५/६० होता. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर आणि साइडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, १२९ मिलिमीटर. नवा २२५/४५, अठराचा. साइडवॉल १०१ मिलिमीटर. लोकांची फसगत होते ती इथेच. ‘मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं’ हे खरं आहे. आजोबांचं जुनं चाक त्यासाठीच छातीएवढं होतं. पण भाच्याचं चाक मोठं झालेलंच नाही. रिम आणि टायर मिळून पूर्वीचा व्यास ६६४ मिलिमीटर, आताचा ६६०. वाढलं ते धातूचं, घटली ती हवा, तीही इंचभरापेक्षा जास्त. पैसे मोजून त्यानं टायरबंडी दिली आणि लोखंडी धावेची बंडी घरी आणली.

वर रुंदी वाढली, म्हणजे वाऱ्याला अडणारं अंग वाढलं. वजन वाढलं, आणि तेही अशा जागी, जिथे स्प्रिंगचा आधार नसतो. रिम, टायर, ब्रेक हे सगळं स्प्रिंगच्या खालचं ओझं. ते जड झालं की प्रत्येक खड्ड्यात चाक जास्त जोरानं आदळतं आणि सस्पेन्शनला ते आवरायला वेळ लागतो. शिवाय कंपनीनं दिलेलं रबर फिरताना कमी विरोध करणारं, दाबलं की बरीचशी ताकद परत देणारं. नव्या टायरचं रबर भाच्यानं विचारलंच नाही. त्यानं फक्त नक्षी पाहिली.

हे फक्त आमच्या घाटातलं रडगाणं नव्हे. टेस्लाच्या २०२२च्या मॉडेल एस प्लेड या गाडीचे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे (ईपीए) आकडे होते: एका चार्जमध्ये एकोणीस इंची चाकांवर ३९६ मैल, एकवीस इंचीवर ३४८. गाडी तीच, बॅटरी तीच. किलोमीटरमध्ये सुमारे ७७चा फरक. जिथले रस्ते बरे, तिथे ही कथा.

मग पेट्रोलच्या गाड्यांना हे कधी का बोचलं नाही? कारण पेट्रोलचं इंजिन स्वतःच निम्म्याहून जास्त इंधन उष्णता म्हणून उधळतं. एवढ्या मोठ्या दरोड्यात टायरची चोरी कोण पाहणार? इलेक्ट्रिक मोटर काटकसरी. तिच्या घरात फारसं वाया जात नाही, त्यामुळे टायर आणि वारा हे दोन चोर उघडे पडतात. समृद्धी महामार्गावर वारा मोठा चोर: ऐंशीवरून एकशेवीसला गेलात की त्याचा विरोध सव्वादोनपट. घाटावर-घाटाखाली रोज ये-जा करणाऱ्या, चाळीस-पन्नासच्या वेगात रमलेल्या आपल्या जिल्ह्यात मात्र टायरच खिसा कापतो.

दुकानदारानं (नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच चालतं) आणखी दोन गोष्टी गळ्यात मारल्या. एक, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर, ‘गाडी उंच राहते’ म्हणून. बॅटरीचं ओझं वाहायला कंपनीनं आधीच कडक ठेवलेली स्प्रिंग आणखी कडक केली, आणि गाडीखालून जाणारी हवा वाढवली. दुसरी, नायट्रोजन. वाचकांनी इथे माझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळावी. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो. भाच्यानं उरलेल्या बावीससाठी पैसे दिले. मागं समृद्धीवर टायर फुटायचे तेव्हाही हाच रामबाण निघाला होता. झिजलेला टायर, भरमसाट वेग आणि महिनोन्‌महिने न मोजलेली हवा यांवर नायट्रोजनचा उतारा! फुग्यात अत्तर भरल्यानं फुगा फुटायचा थांबत नाही.

रस्त्यांना दोष देऊन मोकळं व्हायचा मोह मलाही होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या डांबराच्या लाटा होतात. आणि कंत्राटदारांबद्दल तर बोलायलाच नको. पण रस्ता असा आहे हे माहीत असूनच तर हवा जास्त हवी.

भाच्याला टायरवरचा आणखी एक आकडा दाखवला. मापानंतर लगेच येतो तो भारांक. जुन्यावर ९५, म्हणजे एका टायरला ६९० किलो. नव्यावर ९१, म्हणजे ६१५. चार चाकांवर मिळून ३०० किलोंची सवड गेली, बॅटरीनं आधीच जड असलेल्या गाडीची. तो बराच वेळ बोटानं ते अंक चाचपत बसला. मग विचारलं, “मामा, हे दुकानात कोणी काहून सांगत नाही?” म्हटलं, लिहिलेलं असतं बाबा, टायरवरच. आणि हवेचा आकडा दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. सकाळी थंड टायरवर मोजायचा.

सांगत बैलही नव्हते. ते फक्त चालायचे थांबायचे आणि आजोबांना कळायचं. बैलांनंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच असं वाहन हाती आलंय, जे चाकाचा हिशेब त्याच दिवशी समोरच्या पडद्यावर मांडतं: सात होते, सव्वासहा झाले. आजोबा ऐकायचे. भाच्यानं सहा दिवस लावले, तरी ऐकलं.

जुना सेट परत घ्यावा म्हणून त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. तो बदल्यात दिलेला होता आणि दोन दिवसांपूर्वी विकला गेलाय. कुणी नेला, दुकानदाराला आठवत नाही. बंडीवाल्यानं नेला असेल, तर बैलांचं भलं झालं.

– चाकोरीकर