दौरा नको, रात्रपाळी हवी

भातसानगरचे नाव मुंबईकराच्या कानी वर्षातून दोनदा पडते. वैशाखात ‘धरणात इतके टक्के पाणी उरले’ म्हणून आणि ऐन पावसाळ्यात ‘दरवाजे उघडले’ म्हणून. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी शहापूर तालुक्यातील या एका धरणातून येते, याची एरवी कोणाला आठवण होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये भातसा येथील विद्युत यंत्रणेत बिघाड झाला आणि महानगरात १५ टक्के पाणीकपात करावी लागली, तेव्हा हे नाव पुन्हा बातमीत आले. नळ पूर्ववत झाले आणि ते मागे पडले. अहोरात्र सेवा देणारी माणसे सेवा खंडित झाली तरच दृष्टीस पडावीत, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा शिरस्ताच होऊन बसला आहे.

या भागात अशी माणसे पावलोपावली आहेत. अतिवृष्टीच्या रात्री धरणाच्या दरवाजांपाशी जागणारा कर्मचारी हा त्यांतला पहिला. पाणी सोडायचे तर आधी तहसील कार्यालयाला, पोलिसांना आणि नदीकाठच्या गावांना सावध करायचे असते. कारण खाली सापगावचा पूल आहे आणि तो पाण्याखाली गेला की शहापूर-मुरबाड वाटेवरील गावांचा संपर्क तुटतो. त्याच रात्री एखाद्या पाड्यावर बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या असतात, कोणाला सर्पदंश झालेला असतो. रस्ता जिथे संपतो तिथवर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. त्यापुढे चादरीची झोळी आणि चार माणसांचे खांदे. कसारा घाटात वाहन दरीत कोसळले तर दोर बांधून खाली उतरणारे स्थानिक तरुण, महामार्गावरचे पोलीस आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता जखमींना हाती घेणाऱ्या परिचारिका ही याच साखळीची पुढची कडी होय.

ही साखळी कोणत्या स्थितीत काम करते, हे राज्यकर्त्यांना ठाऊक असते काय? ‘दौरे तर सतत चालू असतात’ असे उत्तर मिळेल. ते खोटे नाही. प्रश्न दौऱ्यांच्या संख्येचा नसून ते केव्हा होतात, कसे होतात आणि त्यांतून काय उरते, याचा आहे.

३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र शहापूर तालुका विसरू शकणार नाही. सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. घर सोडून शेकडो कोस दूर पोटासाठी आलेले हे श्रमिक होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके, अग्निशमन कर्मचारी, पोलीस आणि आसपासचे ग्रामस्थ यांनी ढिगाऱ्यातून माणसे काढली. सकाळी नेते आले, शोक व्यक्त झाला, मृतांच्या वारसांना केंद्राकडून २ लाखांची आणि राज्याकडून ५ लाखांची मदत जाहीर झाली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु त्या रात्री मदतीला धावलेल्यांकडे कोणती साधने होती आणि कोणती नव्हती, याची विचारपूस किती भेटींत झाली असेल?

त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता, तोच कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाणे महापालिकेचे हे पाचशे खाटांचे रुग्णालय. शहापूर आणि मुरबाडच्या अत्यवस्थ रुग्णाला पन्नासहून अधिक किलोमीटर अंतर कापून याच दाराशी यावे लागते. त्यावेळी ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची पुनर्बांधणी सुरू असल्याने तिथला भारही कळव्यावर पडला होता. दुर्घटनेनंतर मंत्री आले, विरोधी पक्षांचे नेते आले, आरोग्य आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. मात्र जिल्हा रुग्णालय स्थलांतरित होते त्याच आठवड्यात एखाद्या लोकप्रतिनिधीने कळव्याच्या अपघात विभागात एक रात्र काढली असती, तर पुढे येऊ घातलेल्या संकटाची चाहूल त्याला लागल्यावाचून राहिली नसती. भार वाढला आहे हे तिथल्या शिकाऊ डॉक्टरला आणि सफाई कामगारालाही दिसत असते. ते विचारायला कोणी जात नाही, इतकेच.

भेट कशी नसावी याचा वस्तुपाठही त्याच वर्षी नांदेडने पाहिला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबरअखेरीच्या चोवीस तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. ३ ऑक्टोबर रोजी हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील तेथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. ते दृश्य चित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. पुढे खासदारांवर गुन्हाही नोंदवला गेला. स्वच्छतागृह घाण होते, हे मान्य. लोकांचा संताप रास्त होता, हेही मान्य. पण त्या अपमानाने औषधांचा साठा वाढला नाही, की रिक्त पदांपैकी एकही पद भरले गेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नंतर या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली तेव्हा चर्चा झाली ती मनुष्यबळाची आणि औषध खरेदीची. म्हणजे ज्या गोष्टींचा निर्णय रुग्णालयाच्या नव्हे, तर शासनाच्या पातळीवर व्हायचा असतो त्यांची. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने ज्याच्या हाती केवळ जबाबदारी आहे त्याला जाब विचारायचा, ही पाहणी नव्हे.

याचा अर्थ लोकप्रतिनिधींनी जाऊच नये असा मात्र नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण अखेरपर्यंत सापडले नाहीत. त्या रात्री तत्कालीन मंत्री गिरीश महाजन पायी चढून वर गेले, दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदेही निसरडी वाट तुडवत वाडीपर्यंत पोहोचले. तिथे यंत्रे चढत नव्हती, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हते. कुदळ-फावड्यानेच माती उपसावी लागत होती. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराने कोसळला आणि गेला. तो चढ स्वतःच्या छातीने अनुभवल्यावर बचावकार्याचे वास्तव कोणत्याही टिप्पणीपेक्षा अधिक स्पष्ट कळते. पायांना कळलेले सत्य कागदावरून आलेल्या सत्यापेक्षा अधिक काळ टिकते.

मराठी मनाला हा विचार नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणी असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग लष्कराचे लोक कुणब्यांना उपद्रव देतील, हे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर त्यात विचार आहे. सिंहासनाच्या वाटेवर असलेल्या राजाला छावणीतला उंदीर दिसत होता. राज्याभिषेकाला त्या वेळी जेमतेम वर्ष उरले होते! ही दृष्टी छावणीत वावरल्याखेरीज येत नाही. आग लागल्यावर भेट देणारा शासक आणि वात विझवण्याची आठवण करून देणारा शासक यांतले अंतर या एका पत्रात सामावले आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण हवे असेल तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे घ्यावे. विंचूदंशाने कोकणात माणसे पटापट मरत असता ग्रामीण आरोग्य केंद्रातील या तरुण डॉक्टराने रुग्णाच्या खाटेपाशी रात्री जागवल्या, नाडी आणि रक्तदाब नोंदवत राहिले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जे उत्तर मोठ्या शहरातील मोठ्या संस्थांना सापडले नव्हते, ते खाटेपाशी बसणाऱ्याला सापडले. वैद्यकाला लागू असलेले हे सूत्र राजकारणाला लागू नाही, असे मानण्याचे कारण नाही.

तेव्हा पाहणीचे काही साधे नियम ठरायला हवेत. पहिला, ती दुर्घटनेआधी व्हावी. मृगापूर्वी भातसानगरला, कसाऱ्याला आणि शहापूरच्या रुग्णालयात जाणारा लोकप्रतिनिधी दुर्घटनेनंतर जाणाऱ्यापेक्षा शतपटीने उपयुक्त. दुसरा, ती पूर्वसूचनेविना आणि लवाजम्याविना व्हावी. आदल्या दिवशी रंगवलेली भिंत पाहण्यात कोणाचे हित आहे? गाड्यांचा ताफा अपघात विभागाच्या दारात उभा राहिला तर मागून येणारी रुग्णवाहिका कुठे थांबणार? तिसरा, ती अर्ध्या तासाची नसावी. रात्रपाळी सुरू होताना जावे आणि ती संपताना निघावे. रुग्णवाहिकेचा कंत्राटी चालक सलग किती तास चाक धरून असतो, त्याचे वेतन कधी हाती पडते, परिचारिकेला घोटभर चहा प्यायला वेळ मिळतो की नाही, महिला कर्मचाऱ्यांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह आहे की नाही, मद्यपी नातेवाइकांनी डॉक्टरवर हात उगारला तर सुरक्षारक्षक कुठे असतो, या प्रश्नांची उत्तरे पहाटे तीनलाच मिळतात. चौथा, प्रश्न अधिकाऱ्याच्या दालनात न विचारता सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला विचारावेत आणि त्याने खरे बोलल्याबद्दल त्याची बदली होणार नाही, याची हमी द्यावी.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. तीन महिन्यांनी पुन्हा जावे. पहिल्या भेटीत काय आढळले, कोणते आश्वासन दिले, त्यातले काय झाले, याची नोंद जाहीर व्हावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २००५ पासूनच्या ग्रामीण आरोग्य अभियानात रुग्ण कल्याण समित्यांची व्यवस्था आहे. त्याच वर्षीच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकाऱ्याच्या जोडीला निर्वाचित प्रतिनिधीला सहअध्यक्षाचे स्थान दिले आहे. आसने आहेत; त्यांवर बसून काम करण्याची सवय तेवढी नाही.

या भागापुरते बोलायचे तर ही निकड आता वाढली आहे. राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तेव्हा शहापूरवर मुंबई-नाशिक या एकाच महामार्गाच्या अपघातांचा भार होता. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि दुसरा वेगवान मार्ग याच तालुक्यातून धावू लागला. रस्ता राज्याच्या समृद्धीसाठी आहे, त्याचे स्वागतच आहे. परंतु त्या रस्त्यावर रात्री जखमी होणाऱ्याला पहिला हात शहापूरचाच लागणार. तो हात थकलेला आणि रिकामा असेल, तर वाहनाचा वेग त्याला वाचवू शकणार नाही.

आता थोडे कार्यकर्त्यांविषयी, कारण दौऱ्याचे स्वरूप नेत्याइतकेच तेही ठरवतात. रुग्णालयाच्या दारात हारतुरे घेऊन उभे राहणारे, घोषणा देणारे, अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेभोवती छायाचित्रासाठी कोंडाळे करणारे आपल्यातलेच असतात. नेत्याला हे आवडते म्हणून आपण करतो आणि लोकांना हे आवडते म्हणून नेता करू देतो. या परस्पर गैरसमजात रुग्णाचा श्वास कोंडतो. ‘साहेब, उद्याचा कार्यक्रम रद्द करा, परवा रात्री आपण दोघेच जाऊ’ असे सांगण्याचे धैर्य एका जरी कार्यकर्त्याने दाखवले, तरी त्याने शंभर फलकांहून मोठे काम केले. मध्यमवर्गीय कुटुंबांनीही आमदार लग्नाला आला की नाही याऐवजी तो रुग्णालयाच्या रात्रपाळीला कधी गेला होता, हे विचारायला शिकावे. लोक जे विचारतात, तेच पुढारी करतात.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशमन जवान कामी आले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या आगीत मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी जीवाला मुकले. पद कितीही मोठे असो, संकटाच्या जागी आपण पुढे उभे राहायचे, हा त्या सेवेचा धर्म त्यांनी पाळला. लोकप्रतिनिधींकडून इतक्या मोठ्या त्यागाची अपेक्षा कोणी केलेली नाही. मागणे आहे ते वर्षातल्या एका जागरणाचे. आणि त्या जागरणात जे दिसेल ते सकाळी न विसरण्याचे.