इवलासा केक आणि त्याचा हिशेब



जानेवारी सरत आला की घरून केक करून देणाऱ्या आपल्या लेकी-सुनांच्या मोबाईलवर एकाच तऱ्हेच्या ऑर्डरी यायला लागतात. लाल-गुलाबी, बदामाच्या आकाराचे, घासाएवढे केक. एका डबीत चार, नाहीतर नऊ. तारीख सगळ्यांची एकच, १४ फेब्रुवारी. आणि दरवर्षी त्याच सुमारास मला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, हे केक गुळगुळीत कसे करायचे. दुसरा जरा आवाज खाली आणून विचारला जातो: आपल्या घरात हे करावं का?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यावरून घरात जेवणं कडू होतात. व्हॅलेंटाइन डे आपला सण नाही, हे खरंच आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीने त्या दिवसाचा आणि प्रेमाचा संबंध जोडला, पुढे कार्डं आली, चॉकलेटच्या डब्या आल्या, आणि आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्ही आणि भेटकार्डांच्या दुकानांबरोबर तो गावोगावी पोचला. तो साजरा करणं आणि त्यासाठी वस्तू करून विकणं, यांबद्दलचा दीनी मसला ज्यांना त्याचं इल्म आहे त्यांना विचारावा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई, फतवा देणं माझं काम नाही. पण घराची रीत म्हणून एक गोष्ट मला खटकते. अकरा महिने सुनेच्या केकचे पैसे किराण्याला, मुलांच्या फीला चालतात, तेव्हा कोणी विचारत नाही की ऑर्डर कोणाची आणि कशासाठी. आणि फेब्रुवारीत, ऑर्डर घेऊन झाल्यावर, आगाऊ रक्कम आल्यावर, सासरेबुवा म्हणतात, हे बंद कर. मग गिऱ्हाईकासमोर खोटी कोण पडते? ती. नको म्हणायचंच असेल तर डिसेंबरात, तिला समोर बसवून, तिचं ऐकून म्हणा. काही घरांनी मधला रस्ता काढला आहे: केक करतात, त्यावर मजकूर लिहून देत नाहीत. काही जणी फक्त लग्नाच्या वाढदिवसाच्या, मंगनीच्या ऑर्डरी घेतात. माझ्या मते या दोन्ही वाटा समंजस आहेत. शाळकरी पोरापोरींनी चोरून दिलेली ऑर्डर मात्र मी घेऊ देणार नाही, आणि ते शिक्षिका म्हणूनच सांगते आहे.

आता केककडे वळू.

या छोट्या, वरून साखरेचा तुळतुळीत थर दिलेल्या केकचं जुनं नाव पेती फूर. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'छोटी भट्टी'. मोठ्या भट्टीत पाव भाजून झाले की उतरत्या धगीवर ही बारीकसारीक मिठाई भाजली जायची, म्हणून ते नाव, असं सांगतात. आपल्या मोहल्ल्यातल्या वयस्क बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा ईदच्या आधी नानखटाईचे पत्रे घेऊन पोरं बेकरीत जायची, आणि पावाचा घाणा निघून भट्टी जराशी शांत झाली की बेकरीवाला आपले पत्रे आत सरकवायचा. पावाच्या धगीत नानखटाई करपते. छोट्या जिनसेला मंद आच लागते, एवढी अक्कल पॅरिस आणि आपला मोहल्ला यांत सारखीच.

छोट्या केकसाठी हलका, फुसफुशीत स्पंज घेऊ नका. तो कापताना चुरा होतो आणि वरचा पाक पिऊन टाकतो. घट्ट विणीचा बटर केक हवा. २०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, ४ अंडी, २०० ग्रॅम मैदा, १ चहाचा चमचा बेकिंग पावडर, २ मोठे चमचे दूध. बटर आणि साखर पांढुरकी होईपर्यंत फेटायची, अंडी एकेक करून घालायची, मैदा शेवटी आणि हलक्या हाताने. २० सेंटिमीटर चौरस डब्यात, १७० अंशांवर, साधारण ३५ ते ४० मिनिटं. थंड झाल्यावर वरचा फुगवटा सुरीने सपाट करा, मधून आडवा कापा, पातळ जॅम लावून पुन्हा जोडा. मग गुंडाळून, वर ताटली ठेवून, रात्रभर फ्रीजमध्ये. ही रात्र चुकवू नका. ताज्या केकला कडा येत नाहीत.

फेब्रुवारीत जॅम बाजारातून आणायची गरजच नाही. महाबळेश्वर, पाचगणीची स्ट्रॉबेरी तेव्हा भर हंगामात असते, आणि मऊ पडलेली, दिसायला डावी फळं स्वस्तात मिळतात. फळाच्या निम्मी साखर, थोडा लिंबाचा रस, आणि चमच्यावरून ओघळणार नाही इतकं आटवायचं. ताज्या स्ट्रॉबेरीचे काप केकच्या आत घालायचा मोह होतो. तो आवरा. चार तासांत पाणी सुटतं आणि पांढऱ्या थरावर गुलाबी डाग उमटतात.

सकाळी केकच्या वरच्या बाजूला बोटाने जॅमचा हात फिरवून त्यावर काजूकतलीचं पीठ अगदी पातळ लाटून चिकटवा. परदेशात इथे बदामाचं मार्झिपान वापरतात. आपली काजूकतली तेच काम करते: खालची सगळी भोकं झाकते आणि वरचा पाक आरशासारखा बसतो. चवही आपल्या ओळखीची. मग लांब सुरीने ४ सेंटिमीटरचे चौकोन. प्रत्येक कापानंतर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची.

वरचा पाक असा: ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, ५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ८० ते ९० मिलिलिटर पाणी, १०० ग्रॅम पांढरं चॉकलेट. भांडं गरम पाण्यावर ठेवून ढवळायचं. हाताला कोमट लागेल इतपतच तापवा. जास्त तापला की थर निस्तेज सुकतो. केक जाळीवर ठेवून मधोमध ओता, सगळ्या बाजूंनी ओघळू द्या. जाळीखाली ताट ठेवलं की ओघळलेला पाक गाळून पुन्हा वापरता येतो. एका ओतण्यात केक दिसत राहिला तर दहा मिनिटांनी दुसरा हात द्या. चमच्याने सारवायला जाऊ नका.

बदामाच्या साच्याने कापले तर कडेची बरीच वाया जाते. साचा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवत गेलात तर कमी जाते, तरी जातेच. उरलेला चुरा जॅममध्ये मळून लाडू वळा, चॉकलेटमध्ये बुडवा. डबीतली रिकामी जागा भरायला उपयोगी पडतात. मला विचाराल तर चौकोनच ठेवा आणि बदाम वर काढा. पांढरा पाक ओला असतानाच लाल पाकाचे ठिपके एका ओळीत टाका आणि टूथपिक पहिल्या ठिपक्याच्या मधून शेवटच्या ठिपक्यापर्यंत एका दमात ओढा. प्रत्येक ठिपक्याचा बदाम होतो. पहिल्यांदा पाहणारीला ही जादूच वाटते.

नक्षीचं म्हणाल तर आपल्या मुलींना वेगळा क्लास लावायची गरज मला दिसत नाही. जी मुलगी मेहंदीचा कोन बांधते, त्याचं टोक केसाएवढं कापते आणि श्वास रोखून मनगटावर वेल काढते, तिला आयसिंग जमलेलंच आहे. दाब तोच, कोन धरायची रीत तीच, सुरुवात जाड आणि शेवट बारीक हेही तेच. फक्त कोन नव्या, कोऱ्या बटर पेपरचा हवा. मेहंदीला वापरलेला धुऊन घेतलेला नाही चालणार, हे सांगायला नको, तरी सांगते.

लाल रंगाबद्दल मात्र नीट ऐका. बीटाचा रस केकच्या पिठात घातला तर भट्टीत तो विटकरी-तपकिरी होतो, शिवाय बेकिंग सोडा असेल तर लवकरच. वरच्या पाकात, न शिजवता, थोडा लिंबाचा रस घालून वापरला तर गुलाबी राहतो. कोकमचं गोड सरबत पाण्याऐवजी घातलं तर सुंदर गुलाबी येतो आणि पाकाचा मिट्ट गोडवाही मोडतो. आगळ नको, त्यात मीठ असतं. गडद लाल मात्र यांतल्या कशानेच येणार नाही. त्यासाठी बाजारातला रंग लागतो, आणि मग डबीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

आपल्याकडे पुष्कळ जणी हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होतात. हिरव्या ठिपक्याने जिलेटिनचा प्रश्न सुटतो, कारण ते प्राण्याच्या हाडा-कातड्यापासून निघतं आणि त्याला हिरवा ठिपका मिळत नाही. पण तो ठिपका दारूबद्दल काही बोलत नाही. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट अल्कोहोलमध्ये काढतात. काही इसेन्समध्येही ते असतं, काहींमध्ये नसतं. व्हॅनिलाची पूड मिळते, ती घेतली की प्रश्नच मिटतो. मार्शमेलो आणि काही तयार फाँडंटमध्ये जिलेटिन असतं. परदेशी स्प्रिंकल्सच्या डबीवर १२० हा आकडा दिसला तर तो लाल रंग कार्माइन, म्हणजे किड्यापासून केलेला. त्याबद्दल सगळ्या मसलकांचं मत एक नाही. आपल्या शाफई आणि हनफी घरांनी आपापल्या आलिमांना विचारावं. मी सांगेन ते एवढंच की गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते तुमच्या हातावरच्या भरवशाने. 'मुसलमान बाईकडचा आहे, म्हणजे हलालच असणार' असं धरून ती आपल्या मुलाला भरवते. त्या भरवशासाठी डबी उलटी करून वाचायला दोन मिनिटं लागतात. शेजारच्या हिंदू, जैन घरांच्या ऑर्डरी असतील तर हीच बारीक अक्षरं त्यांच्याही कामाची, आणि अंड्याचं तर विचारायच्या आधीच सांगावं.

आता हिशेब. पृष्ठफळाचा धडा मुलांना रुक्ष वाटतो. त्यांना एकदा हे छोटे केक करायला लावले पाहिजेत. २० सेंटिमीटर चौरस आणि ४ सेंटिमीटर उंच असा एकच केक असेल, तर वर आणि चार बाजू मिळून ७२० चौरस सेंटिमीटर सजवायचे. त्याच केकचे ४ सेंटिमीटरचे २५ तुकडे केले, तर प्रत्येकाची वरची बाजू १६ आणि चार कडा ६४, म्हणजे ८०. पंचवीसांचे २,०००. केक तोच, अंडी चारच, आणि सजवायचं काम पावणेतीन पटींहून जास्त. वर पंचवीस वेळा उचलणं, पंचवीस कागदी वाट्या, पंचवीस वेळा नक्षी.

तरी आपल्या बाया भाव कसा लावतात? 'एवढासा तर आहे, तीस रुपये पुरे.' समजा २५ नगांचं साहित्य, वीज आणि डब्या मिळून ६०० रुपये आले, आणि दोन दिवसांत मिळून सहा तास गेले. तीस रुपयांनी ७५० मिळाले, उरले १५०. तासाला २५ रुपये. शेतावर किंवा कारखान्यात कोणी हा रोज दिला तर आपणच म्हणू, हा जुलूम आहे. पन्नास लावले तर ६५० उरतात, तासाला १०८. घासाघीस होईलच. मोठा केक स्वस्तात मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मोठाच केक द्या. छोट्याचा भाव छोटा नसतो, हे तिला वरचं गणित मांडून दाखवलं तरी चालेल. आणि घरच्यांना दाखवणं जास्त गरजेचं. 'घरीच तर बसलेली असते' म्हणणाऱ्या नवऱ्याला एकदा ते पंचवीस तुकडे जाळीवर ठेवून पाक ओतायला द्या. नेहमी विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन करून घ्या, त्याचा खर्च आणि वेळही या हिशेबात धरा.

साचे, जाळी, कोन एकदा घेतले की वाया जात नाहीत. सध्याच्या वर्षांत शाबान आणि रमजान याच महिन्यांच्या आसपास येताहेत. तोच केक, तोच पाक. टूथपिकचे बदाम काढायचे नाहीत, त्याऐवजी पांढऱ्यावर पिस्त्याची पूड आणि कोनाने काढलेली चंद्रकोर. ईदच्या डब्यांना बाहेरगावाहूनही मागणी येते, आणि त्या ऑर्डरीवर घरात कोणी भुवई उंचावत नाही.

पोचवण्याबद्दल शेवटचं. किनारपट्टीला फेब्रुवारीची दुपार तापलेली असते. केक फ्रीजमधून काढून लगेच डबीत भरलात तर पाकाला घाम सुटतो आणि नक्षी पसरते. पाक सुकल्यावर ते थंड, कोरड्या खोलीतच ठेवा, सकाळी दहाच्या आत रवाना करा, आणि डबीच्या तळाला प्रत्येक वाटीखाली पाकाचा एक थेंब लावा, म्हणजे रिक्षा कितीही उडाली तरी केक एकमेकांवर आपटत नाहीत.